मॉनिटरची केबल घेण्याआधी: पोर्ट कोणतं, मालकी कुणाची आणि निवड कशी करायची

भाचीला घरून काम करायची नोकरी लागली आणि तिने २७ इंची ४के मॉनिटर घेतला. चार दिवसांनी तिचा फोन आला, "मामा, अक्षरं एकदम सुबक दिसतात, पण माऊस ओढत नेल्यासारखा चालतो." तोवर तिने दुकानातून आधीच्यापेक्षा महागडी एचडीएमआय केबल आणूनही पाहिली होती. फरक शून्य. मॉनिटर चांगला होता, केबलही चांगली होती. अडचण लॅपटॉपच्या एचडीएमआय पोर्टमध्ये होती. ते १.४ या जुन्या आवृत्तीचं होतं आणि ४के चित्र सेकंदाला फक्त ३० वेळा पाठवू शकत होतं. त्याच लॅपटॉपला डाव्या बाजूला एक यूएसबी-सी पोर्ट होतं आणि त्यातून डिस्प्लेपोर्टचा, म्हणजे एचडीएमआयसारख्याच चित्र वाहणाऱ्या दुसऱ्या मानकाचा, सिग्नल बाहेर पडत होता. यूएसबी-सी ते डिस्प्लेपोर्ट अशी केबल लावली आणि त्याच लॅपटॉपवर, त्याच मॉनिटरवर ६० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं, मिळाले.

पहिल्यांदा मॉनिटर जोडणाऱ्या माणसाला हे सगळं एका जागी, मराठीत सांगणारं काही असावं म्हणून हे लिहितो आहे. पोर्टचा आकार ओळखणं पुरेसं नसतं. ते पोर्ट कुणी ठरवलं आणि त्याचे नियम कुणाच्या हातात आहेत हे कळलं की बाजारातल्या निम्म्या गोंधळाचं कारण कळतं आणि पैसेही वाचतात.

पायरी १: दोन्ही टोकांचे फोटो काढा

दुकानात जाण्याआधी संगणकाच्या आणि मॉनिटरच्या मागच्या बाजूला टॉर्च मारा, सगळ्या पोर्टचे फोटो काढा आणि दोन्हींचे मॉडेल नंबर लिहून घ्या. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत गेलात आणि नुसतं "मॉनिटरची केबल द्या" म्हणालात, तर दुकानदार अंदाजाने जी देईल ती घ्यावी लागते. मॉडेल नंबर सांगितला तर बोलणं वेगळ्या पातळीवर सुरू होतं.

ओळख अशी. तीन ओळींत १५ छिद्रं, बाजूला दोन स्क्रू आणि बहुतेक वेळा निळा रंग असेल तर ते व्हीजीए. शाळांमधले प्रोजेक्टर आणि जुने मॉनिटर यांच्यावर ते अजून भेटतं. पांढरं, रुंद, स्क्रूवालं असेल तर डीव्हीआय. खालचे दोन्ही कोपरे तिरके उतरलेले असतील तर एचडीएमआय. त्यात १९ पिना असतात. एकच कोपरा कापलेला असेल तर डिस्प्लेपोर्ट. त्यात २० पिना. लांबट गोल, मोबाइलच्या चार्जरसारखं दिसणारं ते यूएसबी-सी, आणि त्याची कहाणी वेगळी सांगावी लागते, ती पुढे येईल.

पायरी २: या पोर्टचे नियम कोण ठरवतं?

नवख्या माणसाला ही पायरी अनावश्यक वाटते. मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते, म्हणून इथे जरा थांबू.

"खुलं मानक" आणि "मालकीचं मानक" हे शब्द काळं-पांढरं असल्यासारखे वापरले जातात. प्रत्यक्षात चार वेगवेगळे प्रश्न विचारावे लागतात. त्या मानकाचा दस्तऐवज कुणालाही वाचता येतो का? वाचून त्याप्रमाणे वस्तू किंवा सॉफ्टवेअर बनवायची मोकळीक आहे का? बनवल्यावर कुणाला पैसे द्यावे लागतात? आणि पुढच्या आवृत्तीत काय असावं हे कोण ठरवतं? या चारांची उत्तरं प्रत्येक पोर्टसाठी निराळी येतात.

व्हीजीएपासून सुरुवात करू. ते १९८७ मध्ये आयबीएमने आपल्या पीएस/२ संगणकांसाठी आणलं, म्हणजे जन्माने ते एका कंपनीचं. पण इतरांनी त्याच्या नकला केल्या, सगळ्यांनी तेच पोर्ट लावायला सुरुवात केली आणि ते व्यवहारात सगळ्यांचं झालं. त्यातूनच पुढची पायरी म्हणून १९८९ च्या सुमारास व्हेसा ही संस्था उभी राहिली. निरनिराळ्या कंपन्यांची कार्डं आणि मॉनिटर एकमेकांशी जुळावेत यासाठी कंपन्यांनीच एकत्र येऊन काढलेली ही संस्था. मॉनिटर भिंतीवर टांगताना मागे जी १०० बाय १०० मिलिमीटरची चार भोकं दिसतात, तीसुद्धा व्हेसाचीच देणगी आहे. कोणत्याही कंपनीचा मॉनिटर कोणत्याही कंपनीच्या स्टँडवर बसतो, याचं श्रेय त्या चार भोकांना आहे.

एचडीएमआयची पहिली आवृत्ती डिसेंबर २००२ मध्ये आली. सोनी, पॅनासोनिक, फिलिप्स, तोशिबा, हिताची, थॉमसन आणि सिलिकॉन इमेज या सात कंपन्या तिच्यामागे होत्या. यादी नीट पाहिली तर लक्षात येतं की यात टीव्ही बनवणाऱ्यांचं वजन आहे. म्हणूनच एचडीएमआय हे टीव्हीच्या जगाचं पोर्ट आहे. एका रिमोटने टीव्ही आणि साउंडबार दोन्ही चालणं, टीव्हीचा आवाज त्याच केबलमधून उलट साउंडबारकडे जाणं, या सोयी त्यात विचारपूर्वक बसवलेल्या आहेत आणि त्या खरोखर चांगल्या आहेत.

पण हे पोर्ट लावायचं तर परवाना घ्यावा लागतो. मोठ्या उत्पादकाला वर्षाला १०,००० डॉलर आणि शिवाय नगामागे रॉयल्टी: १५ सेंट, वस्तूवर आणि जाहिरातीत एचडीएमआयचा लोगो लावला तर ५ सेंट, आणि त्यात एचडीसीपी हे नक्कलरोधक कुलूपही बसवलं तर ४ सेंट. या उतरत्या दरांकडे लक्ष द्या. लोगो मिरवला तर सूट आणि कुलूप लावलं तर आणखी सूट, म्हणजे उत्पादकाला कुठल्या बाजूला वळवायचं आहे हे दरपत्रकच सांगतं. ४ सेंट म्हणजे तीन-चार रुपये. टीव्हीच्या किमतीत ते दिसतही नाहीत, त्यामुळे ग्राहक म्हणून खिशाला यातून फारशी झळ लागत नाही. झळ लागते ती दुसरीकडे, वाचायच्या आणि बनवायच्या मोकळिकीत.

त्याचं एक उदाहरण सांगतो. लिनक्स या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी एएमडी ही कंपनी आपल्या ग्राफिक्स कार्डांचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) खुल्या स्वरूपात देते, म्हणजे त्याची प्रत्येक ओळ कुणालाही वाचता येते. एचडीएमआय २.१ चा दस्तऐवज मात्र परवानाधारकांपुरता बंद आहे. २.१ ची सोय खुल्या ड्रायव्हरमध्ये देता यावी म्हणून एएमडीच्या अभियंत्यांनी बराच काळ प्रयत्न केले, चालणारा कोडही तयार केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये हे मानक ठरवणाऱ्या एचडीएमआय फोरमने प्रस्ताव नाकारल्याचं त्यांच्या अभियंत्याने जाहीरपणे सांगितलं. याचा अर्थ, कार्डात ताकद आहे, टीव्हीत ताकद आहे, केबलही योग्य आहे, आणि तरी त्या ड्रायव्हरवर ४के, १२० हर्ट्झ, पूर्ण रंगांत हे एचडीएमआयमधून मिळण्याची वाट नियमाने अडवली. त्याच कार्डाच्या डिस्प्लेपोर्टमधून हे चित्र निमूट जातं. पैसे देऊन विकत घेतलेल्या वस्तूची क्षमता वापरायला एका कागदाची परवानगी लागावी, याचा मला मनापासून राग येतो. उबुंटू किंवा दुसरं कुठलं लिनक्स वापरणाऱ्यांनी ग्राफिक्स कार्ड आणि मॉनिटर घेताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

डिस्प्लेपोर्ट व्हेसाचं. पहिली आवृत्ती २००६ ची. ते संगणकाच्या जगातून आलं आणि वापरण्यासाठी व्हेसा रॉयल्टी मागत नाही. तरीही त्याला संपूर्ण खुलं म्हणणं खरं होणार नाही. नव्या आवृत्त्यांचे दस्तऐवज सभासद कंपन्यांनाच मिळतात आणि सभासदत्वाला पैसे पडतात. शिवाय २०१५ मध्ये एमपीईजी एलए या परवाने गोळा करणाऱ्या कंपनीने काही उत्पादकांच्या पेटंटचा गठ्ठा करून डिस्प्लेपोर्टवर नगामागे २० सेंट मागायला सुरुवात केली. मानक बनवणारी संस्था पैसे मागत नसली, तरी त्यातल्या तंत्रावर पेटंट असलेला माणूस मागू शकतो. म्हणून मी डिस्प्लेपोर्टला "जास्त खुलं" म्हणतो. खुल्या ड्रायव्हरमध्ये ते राबवायला कुणी आडकाठी केलेली नाही, आणि वापरणाऱ्याच्या दृष्टीने हीच कसोटी मोठी आहे.

एकाच कंपनीने दोन्ही वाटा चालून पाहिल्याचं उदाहरण ॲपलचं. २००० साली त्यांनी ॲपल डिस्प्ले कनेक्टर आणला: चित्र, यूएसबी आणि मॉनिटरची वीज, सगळं एका केबलमधून. आज यूएसबी-सीने आपल्याला जी सोय दिली आहे, नेमकी तीच. कल्पना काळाच्या फार पुढे होती, पण पोर्ट जवळपास एकाच कंपनीपुरतं राहिलं आणि २००४ मध्ये त्यांच्या नव्या मॉनिटरवर पुन्हा डीव्हीआय आलं. ज्यांनी ते मॉनिटर घेतले होते त्यांना पुढच्या संगणकाला जोडायला वेगळा अडॅप्टर घ्यावा लागला. २००८ मध्ये ॲपलनेच मिनी डिस्प्लेपोर्ट आणलं, या वेळी परवाना फुकट ठेवला. व्हेसाने ते आपल्या मानकात घेतलं, इतर कंपन्यांच्या लॅपटॉपवर आणि कार्डांवर ते दिसू लागलं, आणि आजही त्याची केबल सहज मिळते.

पायरी ३: किती माहिती वाहायची आहे, याचा हिशोब

कागद-पेन घ्या, हिशोब सोपा आहे. ४के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, सुमारे ८३ लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला २४ बिट. सेकंदाला ६० वेळा. गुणाकार सुमारे १,१९४ कोटी बिट, म्हणजे १२ गिगाबिटच्या जवळ. दोन चित्रांमधली मोकळी जागा आणि एचडीएमआयची सांकेतिक भर (सिग्नल नीट पोहोचावा म्हणून जोडलेले जादा बिट) धरली की तोच आकडा १७.८ वर जातो.

आता पोर्टची क्षमता बघा. एचडीएमआय १.४ सेकंदाला १०.२ गिगाबिट वाहतं, त्यामुळे भाचीच्या लॅपटॉपला ३० हर्ट्झवर थांबावं लागलं. एचडीएमआय २.० ची क्षमता १८, तिथे ४के ६० हर्ट्झ जेमतेम बसतं. २.१ मध्ये ४८ पर्यंत जाता येतं. डिस्प्लेपोर्टमध्ये सांकेतिक भर वजा जाता प्रत्यक्ष चित्रासाठी १.२ आवृत्तीत १७.२८ आणि १.४ मध्ये २५.९२ गिगाबिट मिळतात. मॉनिटर साधा १९२० बाय १०८० चा असेल, तर ठिपके ४के च्या एक चतुर्थांश होतात आणि ६० हर्ट्झला यातलं कुठलंही पोर्ट चालतं. तेव्हा महागड्या केबलच्या नादी लागू नका. घरातली आहे ती लावा.

एक सावधगिरी. मॉनिटरच्या खोक्यावर "एचडीएमआय २.१" लिहिलं आहे म्हणून ४८ गिगाबिट मिळतीलच असं नाही. २.१ मधल्या बहुतेक नव्या सोयी नियमानुसार ऐच्छिक आहेत, त्यामुळे १८ गिगाबिटवर थांबणाऱ्या वस्तूलाही ते नाव लावता येतं. आवृत्तीचा आकडा सोडा आणि माहितीपत्रकात त्या विशिष्ट पोर्टपुढे कोणतं रिझोल्यूशन किती हर्ट्झला लिहिलं आहे ते वाचा.

पायरी ४: केबल निवडणं

एचडीएमआय केबलला खरं तर आवृत्तीचा आकडा लावायचाच नसतो, तसा नियम आहे. केबलची ओळख तिच्या वर्गावरून, जसं की हाय स्पीड, प्रीमियम हाय स्पीड (१८ गिगाबिट) आणि अल्ट्रा हाय स्पीड (४८ गिगाबिट). यातल्या शेवटच्या दोन वर्गांच्या खोक्यावर मोबाइलने तपासता येणारं प्रमाणपत्राचं लेबल असतं. "२.१ केबल, ८के" एवढंच छापलेलं आणि लेबल नसलेलं खोकं असेल तर मी ते परत ठेवतो. सोन्याचा मुलामा, जाड कापडी वेणी यांनी चित्र सुधारत नाही. सिग्नल डिजिटल आहे. तो पोहोचतो, नाहीतर चित्र लुकलुकतं किंवा जातं.

डिस्प्लेपोर्टची केबल घेताना विसाव्या पिनेचं विचारा. ती पिन वीज देण्यासाठी आहे आणि दोन उपकरणं जोडणाऱ्या केबलमध्ये ती जोडलेली नसावी असं मानक सांगतं. काही स्वस्त केबलींमध्ये ती जोडलेली असते. मग मॉनिटरची वीज उलटी संगणकात शिरते आणि संगणक सुरू होताना अडखळतो. अनेकजण अशा वेळी पॉवर सप्लाय बदलून बसतात. व्हेसाची प्रमाणित केबल घेतली की हा धोका टळतो.

लांबी गरजेपुरतीच ठेवा. टेबलावर दीड-दोन मीटर पुरते. जितकी माहिती जास्त, तितकी साधी तांब्याची केबल लवकर दम सोडते.

पायरी ५: कन्व्हर्टरला दिशा असते

इथे मी स्वतः पैसे घालवले आहेत, म्हणून कळकळीने सांगतो. एका टोकाला डिस्प्लेपोर्ट आणि दुसऱ्या टोकाला एचडीएमआय असलेली केबल एकाच दिशेने चालते: संगणकाच्या डिस्प्लेपोर्टमधून टीव्हीच्या एचडीएमआयकडे. कारण बहुतेक संगणकांचं डिस्प्लेपोर्ट गरज पडली तर एचडीएमआयच्या भाषेत बोलू शकतं. अशा पोर्टवर चिन्हापुढे दोन अधिकची खूण असते. एचडीएमआयला मात्र डिस्प्लेपोर्टची भाषा येत नाही. माझ्याकडे एचडीएमआयवाला लॅपटॉप आणि डिस्प्लेपोर्टवाला मॉनिटर होता. दोन्ही टोकं बरोबर बसली आणि पडदा काळाच राहिला. उलट्या दिशेला आत चिप असलेला कन्व्हर्टर लागतो, बहुधा यूएसबीवरून वीज घेणारा. दुकानात "कुठून कुठे" हे दोन शब्द आधी बोला.

एचडीएमआयवरून व्हीजीएला जाणारा छोटा डोंगल शाळेतल्या जुन्या प्रोजेक्टरसाठी ठीक आहे, कारण स्लाइड दाखवायच्या असतात. पण एचडीसीपीचं कुलूप असलेला चित्रपट त्यातून नियमाप्रमाणे जाऊ शकत नाही. तिथे काळा पडदा दिसला तर प्रोजेक्टर दुरुस्तीला टाकू नका.

पायरी ६: यूएसबी-सी

आकार एक, आतले रस्ते अनेक. २४ पिनांचं हे पोर्ट २०१४ मध्ये आलं आणि त्याच वर्षी व्हेसाने त्यातून डिस्प्लेपोर्टचा सिग्नल नेण्याची सोय ठरवली. पण लॅपटॉप बनवणाऱ्याने ती दिलीच पाहिजे असं बंधन नाही. पोर्टशेजारी डिस्प्लेपोर्टचं चिन्ह किंवा थंडरबोल्ट या इंटेलच्या वेगवान जोडणीचं विजेच्या आकाराचं चिन्ह दिसलं तर चित्र मिळेल. काहीच चिन्ह नसेल तर मॉडेलचं माहितीपत्रक उघडून त्या पोर्टपुढे काय लिहिलं आहे ते बघा.

दुसरी फसगत केबलची. मोबाइलसोबत आलेली चार्जिंगची केबल बहुधा यूएसबी २.० ची असते. तिच्यात चित्र वाहणाऱ्या तारांच्या जोड्याच नसतात. दोन्ही टोकं बसतात, लॅपटॉप चार्जही होतो, मॉनिटर मात्र "सिग्नल नाही" म्हणतो. आणि यूएसबी-सी ते एचडीएमआय म्हणून विकल्या जाणाऱ्या केबलच्या टोकात एक छोटी चिप असते, जी डिस्प्लेपोर्टचा सिग्नल एचडीएमआयमध्ये बदलते. तेव्हा मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट असेल तर ही मधली चिप टाळून थेट यूएसबी-सी ते डिस्प्लेपोर्ट केबल घ्या. भाचीसाठी मी तेच केलं.

थंडरबोल्टही आधी इंटेलच्या परवान्यात होतं. इंटेलने त्याचं तंत्र यूएसबीच्या संस्थेला दिलं आणि त्यावर २०१९ मध्ये यूएसबी ४ उभं राहिलं. बंद दार कंपनीने स्वतःहून उघडल्याची ही चांगली घटना.

पायरी ७: मग नेमकं काय घ्यायचं?

माझी निवड अशी. टीव्ही किंवा सेट-टॉप बॉक्स असेल तर एचडीएमआय. घरगुती टीव्हीला डिस्प्लेपोर्ट जवळपास नसतंच, त्यामुळे तिथे वाद घालण्यात अर्थ नाही. डेस्कटॉप आणि मॉनिटर दोन्हींना डिस्प्लेपोर्ट असेल तर तेच लावा, विशेषतः लिनक्स असेल किंवा १२० हर्ट्झच्या वर जायचं असेल. नवा लॅपटॉप घेत असाल तर चित्र देणारं यूएसबी-सी आहे ना, हे पैसे देण्याआधी विचारा. नवा मॉनिटर घेत असाल तर फक्त एचडीएमआय आणि व्हीजीए असलेला घेऊ नका. थोडे जास्त पडले तरी डिस्प्लेपोर्टवाला घ्या. लॅपटॉप तीन-चार वर्षांत बदलतो, मॉनिटर त्याहून जास्त टिकतो, आणि पुढचा संगणक कुठलं पोर्ट घेऊन येईल हे आज माहीत नसतं.

पायरी ८: जोडल्यावर तपासा

डेस्कटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्या कार्डाच्याच पोर्टला लावा. मदरबोर्डच्या पोर्टला लावून "कार्ड चालत नाही" म्हणणारे खूप भेटतात. नंतर डिस्प्ले सेटिंग्जमध्ये जाऊन रिझोल्यूशन आणि रिफ्रेश रेट (हर्ट्झ) दोन्ही बघा. पडद्यावर चित्र आलं म्हणजे काम झालं असं नसतं. यंत्र पुष्कळदा खालचा दर निवडून गप्प बसतं. बऱ्याच मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूतही पोर्टची आवृत्ती निवडायची सोय असते आणि ती काही वेळा कारखान्यातून जुन्या आवृत्तीवर लावून येते. तिथे आकडा वर नेला की अडलेले हर्ट्झ सुटतात.

चित्र लुकलुकत असेल तर आधी केबल दोन्ही बाजूंनी काढून पुन्हा बसवा, मग दुसरी केबल लावून पाहा, मग दर एक पायरी खाली आणा. ज्या पायरीवर थांबतं तिथे दोष आहे.

आणि डिस्प्लेपोर्टची केबल काढताना ओढू नका. बऱ्याच केबलींच्या टोकाला वर एक छोटं बटण असतं, ते दाबल्यावर आतले दोन छोटे हूक सुटतात. न दाबता हिसकलं तर मॉनिटरचं पोर्ट सैल होऊ शकतं.